‘झालं’ म्हणेपर्यंत

सोमवार, ४ मार्च

पत्नीच्या वागण्यात जो फरक दिसेल तो लिहून ठेवा, पुढच्या भेटीत उपयोगी पडेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आजवरचे आयुष्य एका मोठ्या वखारीत साठा-तपासनीस म्हणून काढले आहे. जे असायला हवे आणि जे प्रत्यक्षात आहे, त्यांतील तफावत शोधून लिहिणे हाच माझा व्यवसाय. ही नोंद मला जड जाऊ नये.

आजच्या तपासणीत हिला घड्याळ काढायला सांगितले. हिने गोल काढला आणि आकडे गोलाबाहेर, एका कोपऱ्यात घोळका करून ठेवले. डॉक्टरांनी विचारले, “हे सगळे बाहेर कसे?” ही म्हणाली, “मधली सुट्टी झालीय.” मला हसू आवरले नाही. डॉक्टर हसले नाहीत. मी त्यांना समजावून सांगितले की ही लेखिका आहे. रोजच्या घरगुती जगण्यात मुलांची कल्पकता कशी जपावी, या विषयावर हिची सहा पुस्तके आहेत. अशा व्यक्तीला सरळ घड्याळ काढायला लावणे हीच मुळात चुकीची कसोटी आहे.

“साहेब, मी गुण देत नाहीये,” डॉक्टर म्हणाले.

परतताना हिने तीनदा विचारले की आपण कुठे गेलो होतो.

गुरुवार, ७ मार्च

प्रकाशकांचा फोन आला. सातवे पुस्तक छापायला घ्यायचे आहे आणि शेवटचे प्रकरण अजून हाती नाही. “बाईंना म्हणावं, आईबाप दुकानात येऊन विचारतात हो. आता मुलं मोठी व्हायच्या आत द्या!” असे म्हणून ते मोठ्याने हसले. हिची प्रकृती जरा नरम आहे, एवढेच मी सांगितले. अधिक सांगण्याचे कारण नाही.

हस्तलिखित काढून पाहिले. शेवटचे प्रकरण पहिल्याच पानावर थांबले आहे: “मुलाने अर्धवट सोडलेली वस्तू ही”. एवढेच. पुढे कोरे.

सहाही पुस्तकांची मुद्रितशोधने मी केली, विषयसूची मी बनवल्या. हिच्या वाक्याची चाल मला तोंडपाठ आहे. स्वल्पविराम ही कुठे विसरते, तेसुद्धा. हे प्रकरण मी पूर्ण करीन. यात लबाडी नाही. एकाच फर्ममधल्या दुसऱ्या भागीदाराने सही करावी, तसे हे आहे.

रविवार, १० मार्च

मुलीचा फोन. पुस्तकांतून तिचे नाव ‘ठिणगी’ असे आहे, आणि आम्हीही तिला घरात तेच म्हणत आलो. अशी पुस्तके लिहिणारे बहुतेक लोक दुसऱ्यांच्या मुलांविषयी लिहितात. हिने आपल्याच मुलीविषयी लिहिले. त्यामुळे अनोळखी बायका आजही आमच्या मुलीला रस्त्यात थांबवून विचारतात, “तूच ना ती, बुटात झाडं लावणारी?” मुलगी आता दूरच्या शहरात पूल बांधणाऱ्या कंपनीत अभियंता आहे. तिला हे विचारलेले आवडत नाही.

“बाबा, तुमच्याकडे आई सुरक्षित आहे का? खरं सांगा.”

“घर अगदी व्यवस्थित आहे,” मी म्हणालो.

“मी घराचं नाही विचारलं.”

ठरले ते असे: चोवीस तारखेला, रविवारी ती स्वतः येऊन पाहील. समाधान झाले तर आई इथेच, माझ्याजवळ. नाही झाले तर तिच्या गावी एक शुश्रूषागृह आहे, तिथे तिने जागा धरून ठेवली आहे. “तिथे चोवीस तास माणसं असतात, बाबा.” मी म्हणालो, इथेही चोवीस तास माणूस आहे.

हिला शुश्रूषागृहात ठेवणे मला मान्य नाही. कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. रविवारी आमच्या घरात बोट ठेवायला जागा सापडता कामा नये.

मंगळवार, १२ मार्च

हिला स्नानगृह सापडत नाही, हा मुख्य प्रश्न. काल ही कपड्यांच्या कपाटासमोर उभी राहून रडत होती, आणि मी पोचेपर्यंत उशीर झाला होता. कपडे बदलताना म्हणाली, “तुमच्या घरात दारं फार झालीत हो.”

मी वखारीतली पद्धत योजली. प्रत्येक दारावर, कपाटावर, खणावर ठळक टाइपात चिठ्ठ्या डकवल्या: स्नानगृह, स्वयंपाकघर, पाणी, चष्मा, बाहेर जाऊ नये. अक्षरे इतकी मोठी की रस्त्यापलीकडून वाचता यावीत. सबंध दिवस गेला. संध्याकाळी हिला हात धरून सगळीकडे फिरवले.

ही बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “किती गोड दिसतंय! मुंग्या रांगेनं चाललेल्या.”

“काय लिहिलंय ते वाच पाहू.”

“तुम्हीच वाचा. तुम्हाला आवडतं ना वाचायला.” आणि लगेच, “तुमच्या आईनं तुम्हाला जन्म दिला तेव्हा तुम्ही सुईणीकडे पावती मागितली असणार.”

थट्टा करण्याची शक्ती शाबूत आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचे. चिठ्ठ्यांकडे मात्र ही हट्टाने दुर्लक्ष करते. हिला माझी पद्धत पूर्वीपासूनच पटत नाही.

शनिवार, १६ मार्च

नवाच प्रकार. हिची लोकरीची जुनी पिशवी माळ्यावर होती, ती हिने कशी काढली कोण जाणे. सकाळी उठून पाहतो तो घरभर लोकर ताणलेली. हिच्या पलंगाच्या पायापासून निघून लाल लोकर कपाटाच्या मुठीला वळसा घालून स्नानगृहाच्या कडीला बांधलेली. पिवळी तशीच निघून स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपापर्यंत. हिरवी बाहेरच्या खोलीतून आडवी येऊन माझ्या टेबलापाशी, माझ्या खुर्चीच्या पायाला. तिथे तर काहीच नाही. पिंप नाही, कडी नाही. उगाच गाठ मारून ठेवलेली. मी बसायला गेलो आणि जवळजवळ आपटलोच.

“हे काय मांडलं आहेस?”

“काम चाललंय.”

“कसलं काम?”

“झालं की सांगीन.”

हा आमच्या घरातला जुना नियम. हिच्या पहिल्याच पुस्तकाचा पाया तोच: मुलाने जे मांडले असेल त्याला, मूल स्वतः ‘झालं’ म्हणेपर्यंत, कुणी हात लावायचा नाही. ठिणगीने एकदा जेवणाच्या टेबलावर खोक्यांचे शहर वसवले होते. त्या शहराला नगरपालिका होती, तुरुंग होता, एक दवाखाना होता ज्यात फक्त हत्ती घेत. ते शहर ‘झालं’ व्हायला जवळपास एक उन्हाळा लागला. तेवढे दिवस मी इस्त्रीच्या टेबलावर जेवलो. कुरकुर केली, पण खोक्याला बोट लावले नाही.

आज मात्र माझे वय पाहता, ताणलेल्या लोकरी ओलांडत घरात वावरणे सोपे नाही.

बुधवार, २० मार्च

नोंद घेण्यासारखी सुधारणा. चार दिवसांत स्नानगृहाच्या बाबतीत एकदाही अडचण आली नाही. ही आपली आपण उठते, भिंतीकडेने हात पुढे करून जाते आणि परत येते. पाणीही स्वतः घेते. चिठ्ठ्यांचा उपयोग होणार, याची मला खात्री होतीच. थोडा धीर धरायला हवा होता, इतकेच.

दुसरी नोंद: मी लिहीत बसलो की ही अधूनमधून टेबलापाशी येऊन उभी राहते. काय हवे आहे विचारले तर म्हणते, “काही नाही. आहात ना, ते बघितलं.” आणि परत जाते. लिखाणात व्यत्यय येतो, पण मी रागावत नाही.

प्रकरण चांगले होत आहे. ‘अर्धवट वस्तूचा मान’ असे शीर्षक दिले आहे. आजचे एक वाक्य उतरवतो: “मोठ्यांना जो पसारा दिसतो तो मुलाचा विचार असतो, तो अजून हातांतच आहे, तोंडापर्यंत आलेला नाही, म्हणून त्याला नाव नसते.” हिनेच लिहिल्यासारखे वाटते. वाचून दाखवले. ही लक्ष देऊन ऐकत होती. “छान आहे,” म्हणाली. “कुणी लिहिलंय?”

“तू,” मी म्हणालो.

“मग ठीक आहे.”

शनिवार, २३ मार्च

उद्या ठिणगी येणार. सकाळपासून आवराआवर. तिच्या दृष्टीने घर पाहण्याचा प्रयत्न केला: दारातून आत येणारा अभियंता प्रथम काय पाहील? पायात येणारी लोकर. एक नजर टाकून ती म्हणेल, ‘बाबा, ही कुठल्याही क्षणी अडखळेल,’ आणि तिचे चुकणार नाही. तेव्हा आधी लोकर काढली. लाल, पिवळी, हिरवी, तिन्हींचे स्वच्छ गोळे करून पिशवीत भरले आणि पिशवी माळ्यावर परत ठेवली.

ही पलंगावर बसून पाहत होती.

“अहो, झालं नाहीये.”

“उद्या ठिणगी येतेय. ती गेली की पुन्हा बांध.”

“झालं नाहीये अजून.”

“एका दिवसाचाच प्रश्न आहे गं.”

“कुणाच्या?” असे हिने विचारले. या प्रश्नाचा रोख मला कळला नाही. मग बराच वेळ ही पलंगाच्या पायावरून बोट फिरवत राहिली, जिथे गाठी होत्या तिथे.

जुनी वर्तमानपत्रे, मोडके कुंचले, वाळलेले रंग, सारे पिशव्यांत भरून जिन्याखाली नेऊन ठेवले. फेऱ्या बऱ्याच झाल्या. कंबर धरली आहे. पण आता घर पाहून कुणीही समाधान पावेल. चिठ्ठ्या एका ओळीत, फरशी मोकळी.

दुपारचे ऊन खोलीत आले आहे. हिचा डोळा लागला आहे. प्रकरणाचा शेवट तेवढा उरला आहे, तो आताच लिहून टाकतो.

सोमवार, २५ मार्च

ही पडली. शनिवारीच, वरील नोंदीनंतर. खुब्याचे हाड मोडले आहे आणि डोक्याला मार आहे. काल शस्त्रक्रिया झाली.

घटनाक्रम जसा आहे तसा लिहितो. मी शेवटचा परिच्छेद लिहीत होतो. आतून हाक आली, “अहो, कुठे आहात?” मी म्हणालो, “इथेच आहे. एक मिनिट, एवढं वाक्य पुरं करतो.” थोड्या वेळाने पुन्हा, “कुठून येऊ?” मी म्हणालो, “आलो, आलो, थांब.” मग पावलांचा आवाज झाला. ही स्नानगृहाकडे निघाली असावी, असे मी गृहीत धरले. पिशव्यांच्या शेवटच्या फेरीनंतर मी बाहेरच्या दाराची कडी लावली नव्हती. दारावर ‘बाहेर जाऊ नये’ ही चिठ्ठी होती. सर्वांत मोठ्या टाइपात.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी हिला जिन्याच्या वळणावर पाहिले. त्यांनी मला हाक मारली तेव्हा माझ्या हातात लेखणी होती.

वाक्य पूर्ण झाले होते.

बुधवार, २७ मार्च

ही डोळे उघडते, बोलत नाही. ठिणगी रुग्णालयात थांबते आणि मी घरी येऊन कपडे नेतो, असे चालले आहे. आज दोघेही घरी आलो होतो. डॉक्टरांना दाखवण्यासाठी लिहिलेल्या या नोंदी मी तिच्यापुढे ठेवल्या. तिने उभ्या-उभ्याच वाचल्या. मग एका चिठ्ठीसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, आईला वाचता येत नव्हतं.”

“लक्ष देत नव्हती.”

“मुंग्या म्हणाली ना ती? तिला खरंच मुंग्याच दिसत होत्या, बाबा. म्हणून तिनं लोकर बांधली. लाल धरून बाथरूम, पिवळी धरून पाणी. चिठ्ठ्यांनी नाही काही झालं. लोकरीनं झालं ते चार दिवस.”

मी खुर्चीवर बसलो. तपासनीसाच्या कामात याला नोंद चुकीच्या खात्यात जाणे म्हणतात. रक्कम बरोबर असते, म्हणून चूक कुणाच्या लक्षात येत नाही.

“माझ्या वेळी तुम्ही एक उन्हाळा इस्त्रीच्या टेबलावर जेवलात,” ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. “एका खोक्याला हात लावला नाहीत. मग आईच्या वेळी काय झालं?”

“तो नियम मुलांसाठी होता.”

मग तिने विचारले, “आणि हिरवी? ती कुठे जात होती?”

“कुठेच नाही. तिथे काही नव्हतं. माझ्या खुर्चीच्या पायाला नुसती बांधली होती.”

ठिणगीने तोंडावर हात धरला आणि स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मी जिथे बसलो होतो तिथून वाकून खुर्चीचा पाय पाहिला. लाकडावर हिरवे तंतू अडकलेले होते.

शनिवार, ६ एप्रिल

हिला ठिणगीच्या गावच्या शुश्रूषागृहात हलवले. मी विरोध केला नाही. चालणे पुन्हा जमेल असे डॉक्टरांना वाटत नाही. मी शेजारच्या गल्लीत एक खोली घेतली आहे.

हलवण्याआधी प्रकाशक रुग्णालयात समाचाराला आले होते; शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी प्रकरण मी सवयीने त्यांच्याकडे पाठवून दिले होते. हिच्या उशाशी हळहळले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “वेळ नाही ही, मला कळतं. पण शेवटचं प्रकरण रात्रभर वाचलं हो मी. बाईंनी इतकं सुंदर आजवर लिहिलं नव्हतं. ‘पसारा हा मुलाचा विचार असतो’, काय वाक्य आहे! हेच मलपृष्ठावर टाकू.”

“ते प्रकरण काढून टाका,” मी म्हणालो.

“अहो, काय बोलताय?”

“ते मी लिहिलं आहे. मला त्यातलं एक अक्षर कळलेलं नाही.”

त्यांनी बरीच समजूत घातली. कुणाला कळणार नाही, म्हणाले. नवराबायकोत कसलं आलंय माझं-तुझं, म्हणाले. निदान दुसऱ्या कुणाकडून शेवट लिहून घेऊ, अपुरं पुस्तक वाचकाच्या हातात कसं द्यायचं, म्हणाले. मी एवढेच सांगितले की पुस्तक जिथे थांबले आहे तिथेच छापा: “मुलाने अर्धवट सोडलेली वस्तू ही”. पुढे पूर्णविराम देऊ नका. मुद्रिते माझ्याकडेच येतील आणि मी ते पाहीन.

“पण का?” त्यांनी वैतागून विचारले.

“तिने अजून ‘झालं’ म्हटलेलं नाही.”

ते उठून गेले. रागावले असावेत.

गुरुवार, ११ एप्रिल

काल हिरव्या लोकरीचा गोळा सोबत नेला. एक टोक हिच्या पलंगाच्या कठड्याला बांधले, हाताला लागेल अशा उंचीवर; दुसरे माझ्या खुर्चीच्या पायाला. गाठ हिच्यासारखी जमली नाही. ही छताकडे पाहत पडली होती. बऱ्याच वेळाने हिचा हात कठड्यावरून सरकत गाठीपाशी आला. बोटांनी लोकर चाचपली. मग हिने ती ओढली, अगदी हलके. “आहे,” मी म्हणालो. पुन्हा ओढली. “आहे मी.” असे संध्याकाळपर्यंत चालले. मी दुसरे काहीही केले नाही.

सिस्टर आल्या तेव्हा म्हणाल्या, “काका, हे काय बांधलंत? पाय अडकेल कुणाचा तरी.”

“तिचं काम चाललंय, सिस्टर.”

“काम?” त्या हसल्या, वाईट मनाने नव्हे. “बरं, बरं. आता भेटीची वेळ संपली पण.”

निघताना मी खुर्ची होती तिथेच ठेवली. दाराशी पोचलो आणि मागे खुर्ची फरशीवर किंचित खरखरली. मी परत गेलो. सिस्टरांनी दोनदा सांगितल्यावर निघालो.

आज सकाळी गेलो. खोली झाडून-पुसून लखलखीत केलेली. चादरीवर एक सुरकुती नाही. खुर्ची भिंतीला सरळ लावून ठेवलेली, आणि खणावर हिरव्या लोकरीचा गोळा. उत्तम गुंडाळलेला, टोक आत खोचलेले. मीही इतका नीट गुंडाळला नसता.

ही जागी होती. हात कठड्यावर होता. जिथे गाठ होती तिथे बोट पुढे-मागे फिरत होते.

मी खुर्ची ओढून जवळ आणली, गोळ्याचे टोक शोधले आणि खाली बसून पुन्हा बांधायला घेतले.